टाकीत तेल होतं

"टाकीला हात लावायचा नाही!"

म्विकालीचा आवाज एवढा चढला की विमानदुरुस्तीच्या शॉपच्या पलीकडच्या टोकाला चाकांवर काम करणाऱ्यांनीही माना वर केल्या. ड्रम ढकलत आणणारे दोघे जागीच थबकले. त्यातल्या एकाने टाकीच्या तळाच्या बुचाला पाना लावलाच होता.

"म्विकालीताई, मोठ्या साहेबांनीच सांगितलंय, म्वादिमेंनी," तो चाचरत म्हणाला. "आधी तेल काढून टाका, मग इंजिन उघडा म्हणाले. फरशी खराब होते."

"फरशी मी पुसेन म्हणावं. गुडघ्यावर बसून पुसेन. तू पाना काढ आधी."

त्याने पाना काढला.

स्टँडवर टांगलेलं ते इंजिन आठवड्यापूर्वी एका सत्तर आसनी विमानाच्या डाव्या पंखाखाली होतं. केनियातल्या किसुमूहून विमान सुटलं, शहरालगतच्या सरोवरावर वळलं आणि चौथ्या मिनिटाला हे इंजिन फुटलं. मागच्या चक्राचा तळहाताएवढा तुकडा पत्रा फाडून आत घुसला. वैमानिकांनी उरलेल्या एका इंजिनावर विमान परत उतरवलं, म्हणून अडुसष्ट माणसं वाचली. नवव्या रांगेत खिडकीशी बसलेली नाफुला वान्यामा वाचली नाही. बंगोमाच्या एका शाळेत ती भूगोल शिकवायची. वय एकतीस.

तिसऱ्या दिवशी कंपनीने सांगून टाकलं की इंजिन तेलाअभावी जळालं. त्या सकाळी तेल भरायचं काम ओडेरा ओकेलो या मेकॅनिकचं होतं. दोन डबे घातले असं त्याने वहीत लिहिलं होतं, पण ते घातलेच नसावेत असा कंपनीला संशय होता. पुढचं पेपरवाल्यांनी आपल्या पदरचं घातलं. विमानाचं तेल बाजारात चोरून विकलं जातं, हे नैरोबीत कोणाला ठाऊक नाही? 'दोन डब्यांपायी एक जीव' अशा मथळ्याखाली ओडेराचा फोटो छापून आला. त्याच्या घरावर दगड पडले. पोलिसांनी त्याला कोठडीत टाकलं, ते म्हणे त्याच्याच सुरक्षेसाठी.

सरकारकडून आलेले चौकशी अधिकारी पार्सालोई एका स्टुलावर बसून होते. निवृत्तीला आलेला, शब्द मोजून बोलणारा माणूस. सरकारकडे स्वतःचं शॉप नव्हतं, त्यामुळे ज्या कंपनीची चौकशी करायची तिच्याच शॉपमध्ये, तिच्याच माणसांच्या हातून इंजिन उघडून घ्यायचं आणि आपण बघत बसायचं, असा प्रकार होता.

"काय झालं, बाई?" त्यांनी विचारलं.

"काय व्हायचंय? या टाकीत तेल आहे की नाही यावर एक माणूस आत बसलाय, आणि आम्ही आधी तेच ओतून टाकायला निघालोत. आहे की नाही गंमत? या, इथे उभे राहा. मी एकेक लिटर काढते, तुम्ही लिहा."

पार्सालोई उठले. म्विकालीने मापाचं भांडं आणलं आणि बूच सैल केलं. तेल आलं, काळपट, जळक्या वासाचं. एक लिटर, दोन लिटर. सहाव्या लिटरला ड्रमवाले एकमेकांकडे बघू लागले. टाकी सोळा लिटरची. तिच्यातून सव्वाबारा लिटर तेल निघालं.

"म्हणजे तेल होतं," पार्सालोई म्हणाले.

"होतं म्हणजे? भरपूर होतं." तिने भांडं जमिनीवर एवढ्या जोरात ठेवलं की थेंब उडाले. "दोन डबे त्यानं घातले नसते, तर एवढं निघालं असतं का? हे मापायला एक तास लागला. आठ दिवस कोणाला एक तास नव्हता!"

ती एवढी का चिडली, याचं शॉपमधल्या जुन्या माणसांना नवल वाटलं. कारण ओडेरा आणि म्विकाली गेली नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

म्विकालीचं वय चोपन्न. मचाकोसकडची. एकविसाव्या वर्षी ती या शॉपमध्ये तेलाच्या गाळण्या धुवायला लागली. गाळणीत काय अडकतं ते बघता बघता तिला इंजिनाचं पोट कळायला लागलं. परीक्षा दिल्या, लायसन्स मिळवलं. नऊ वर्षांपूर्वी विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली तेव्हा तिचंच नाव पुढे होतं. त्या वेळी ओडेराने अकरा जणांच्या सह्यांचा अर्ज दिला. कँटीनमध्ये, सगळ्यांच्या देखत तो म्हणाला होता, "बाईच्या हाताखाली मी पाना धरणार नाही. घरी बायको पुरे झाली." लोक हसले. तिच्या टेबलावरचेही हसले. म्वादिमे साहेबांनी ती जागा कोणालाच दिली नाही, स्वतःकडेच ठेवली. ओडेराने पुढे धावपट्टीवरचं काम मागून घेतलं. त्यानंतर समोर आला तर ती रस्ता बदलायची नाही, त्याच्या आरपार बघायची.

त्या दुपारी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिने इंजिन पुढून मागे उघडत नेलं. पंप धड होता. गाळणी स्वच्छ होती. विमानातल्या नोंदयंत्राचा कागद पार्सालोईंकडे होता. त्यात तेलाचा दाब शेवटच्या क्षणापर्यंत जिथे हवा तिथे होता.

"मग हे कोडं काय?" पार्सालोई म्हणाले. "तेल आहे, पंप चालतोय, दाब आहे. कमी काय पडलं?"

"मागं बघू," ती म्हणाली.

मागचं बेअरिंग, म्हणजे ज्याच्यावर इंजिनाचा फिरता कणा टेकतो ते कडं, निळंकाळं पडलं होतं. आतले रूळ झिजून चपटे झाले होते. तेलाचा मागमूस नव्हता. सव्वाबारा लिटर तेल असलेल्या इंजिनात हे एकच बेअरिंग तहानेनं मेलं होतं.

त्याला तेल पाजणारी नळी करंगळीहून बारीक. ती आगीच्या शेजारून जाते. म्विकालीने ती सोडवली, एक टोक पुसून तोंडाला लावलं आणि फुंकर मारली. हवा गेली नाही. पुन्हा मारली. गालाच्या शिरा ताठल्या. मग तिने पातळ तार आत सरकवली. वीतभर गेली आणि कटकन अडली. तार बाहेर काढली तेव्हा टोकावर काळा, कोळशासारखा चुरा होता.

ती बराच वेळ त्या चुऱ्याकडे बघत राहिली. हा चुरा तिच्या ओळखीचा होता.

"काय आहे ते?" पार्सालोईंनी विचारलं.

"घरी मक्याच्या पिठाची उगाली कोण शिजवतं तुमच्या?"

"सून."

"भांड्याच्या तळाला खरपुडी धरते ना? तीच ही. तेल करपून धरलेली." तिचा आवाज खाली आला होता. "विमान थांबलं की इंजिन तीन मिनिटं हळू चालवत ठेवायचं असतं. तेल फिरत राहतं, आतली धग बाहेर काढतं. एकदम बंद केलं तर नळीतलं तेल आहे तिथंच शिजतं. एकदा, दोनदा काही होत नाही. दिवसाला सहा वेळा, वर्षभर केलं की नळी बुजते. मग टाकी भरलेली असो, नाहीतर भरून वाहत असो."

ड्रमवाल्यांपैकी एक मागून पुटपुटला, "म्हणजे आपल्या काउंटीच्या पाणीपुरवठ्यासारखंच. वर टाकी भरलेली, खाली नळ कोरडे."

कोणी हसलं नाही.

"आणि एकदम बंद करा असं कोणी सांगितलं?" पार्सालोईंनी विचारलं.

म्विकालीने भिंतीकडे बोट केलं. सूचनाफलकावर चौदा महिन्यांपूर्वीचं पत्रक होतं. उन्हाने पिवळं पडलेलं. 'जागेवर पोहोचताच दोन्ही इंजिने ताबडतोब बंद करावीत. इंधनाची बचत ही प्रत्येकाची जबाबदारी आहे.' खाली देखभाल खात्याचे प्रमुख म्हणून म्वादिमे साहेबांची सही.

पार्सालोई तिथवर चालत गेले. चष्मा लावून त्यांनी ते दोनदा वाचलं आणि मोबाइलमध्ये फोटो काढला.

जेवणाच्या सुट्टीत म्विकालीला साहेबांचं बोलावणं आलं.

"या, बसा," म्वादिमे म्हणाले. तेहेतीस वर्षांत ते तिला 'अगं म्विकाली' म्हणत आले होते. आज 'बसा' ऐकून ती खुर्चीच्या कडेवरच टेकली. "चहा घेता? फार मेहनत चाललीय तुमची. ऐकलं मी, नळी सापडली."

"सापडली."

"छान. मग आता रिपोर्ट लिहाल तुम्ही. छोटासाच लिहा. हे बघा, मी तुम्हाला खोटं लिहा म्हणत नाही. मला एवढंच सांगा, बेअरिंग कशानं जळालं? तेल मिळालं नाही म्हणून. बरोबर?"

"बरोबर."

"मग तेवढंच लिहा. 'मागचे बेअरिंग तेलाअभावी जळाले.' एक ओळ. यात खोटं काय आहे?"

"काही नाही."

"मग झालं तर."

"साहेब, ही एक ओळ वाचून ओडेराला सात वर्षं होतील."

"ते कोर्ट बघेल. आपलं काम इंजिनाचं." म्वादिमे खुर्चीत मागे रेलले. "ओडेराचा एवढा पुळका तुम्हाला? तुम्हाला? मला आठवतो तो अर्ज. अकरा सह्या. ती जागा अजून रिकामी आहे हो. मी वर बोलू शकतो."

रागाने म्विकालीचे कान तापले. राग त्या जागेचा नव्हता. नऊ वर्षं ही जागा आपल्याला हवी होती हे या माणसाला पक्कं ठाऊक होतं आणि त्याने ती अशा दिवसासाठी राखून ठेवली होती, त्याचा होता.

"आणि दुसरं," म्वादिमे हलकेच म्हणाले. "पूर्ण नळी उघडायची म्हटली तर सगळंच उघडावं लागेल. मागच्या वर्षी आपल्या दुसऱ्या एका विमानाचं इंजिन तुमच्याकडे आलं होतं. तीच नळी अर्धी बुजलेली. तुम्हीच साफ केलीत. 'ठीक आहे' लिहून सही केलीत. विसरलात?"

"मी तुम्हाला चिठ्ठी दिली होती. सगळ्या इंजिनांच्या नळ्या तपासा म्हणून."

"चिठ्ठी?" साहेबांनी टेबलाचे दोन्ही खण उघडून दाखवले. "माझ्याकडे तर नाही. सही मात्र आहे."

बाहेर येताना तिने दार आपटलं नाही. आपटायची फार इच्छा झाली होती.

फाटकाशी एक उंच, हडकुळी बाई सकाळपासून उभी होती. पहारेकरी तिला आत सोडत नव्हता. म्विकालीने तिला ओळखलं. ती ओडेराची बायको, अपोंदी.

"ताई, तुम्हीच इंजिन उघडताय ना?" अपोंदी पुढे झाली. "तुमचं आणि त्यांचं पटत नाही, ठाऊक आहे मला. म्हणून चार दिवस आले नाही. आज आले. पोरांना शाळेत 'डबाचोर' म्हणतात. मी काही मागत नाही. एवढंच सांगा, त्यांनी तेल घातलं होतं का?"

"तू त्याला विचारलं नाहीस?"

"विचारलं. घातलं म्हणतात. पण बायकोनं विश्वास ठेवून काय होतंय?"

"घातलं होतं," म्विकाली म्हणाली. "सव्वाबारा लिटर निघालं."

अपोंदीने रस्त्यावरच बसकण मारली. तोंडावर हात दाबून ती हुंदके देऊ लागली. म्विकालीला तिला उठवावंसं वाटलं, आणि त्याच वेळी ओरडावंसंही वाटलं की तुझ्याच नवऱ्याने अख्ख्या कँटीनसमोर माझी शोभा केली होती, तेव्हा कोण रडलं होतं? तिने अपोंदीच्या दंडाला धरून तिला उभं केलं.

"कोठडीत भेटू देतात का?"

"चारपर्यंत."

"चल."

ओडेरा भिंतीला टेकून बसला होता. पायात बूट नव्हते, दाढी वाढली होती. शर्टाची इस्त्री मोडू न देणारा माणूस. म्विकालीला बघताच तो ताठ झाला.

"तू? बघायला आलीस होय?"

"हो, बघायलाच आले. तिकीट लागलं नाही म्हणून."

"बघून घे मग. अकरा जणांना पण घेऊन यायचं होतंस."

"तुझ्या अकरा जणांतला एक तरी आला का इथं?"

तो पुन्हा भिंतीला टेकला.

"मला तुझ्याशी गप्पा मारायच्या नाहीत," ती म्हणाली. "एक विचारायचंय. हे इंजिन बंद करताना तुला काही जाणवलं होतं का? धूर, वास?"

"जाणवलं होतं का म्हणजे?" ओडेरा गजांशी आला. "दोन महिने सांगतोय! बंद केलं की मागून तपकिरी धूर यायचा. करपल्याचा वास यायचा, कांदा जळल्यासारखा. तीनदा पाळीच्या साहेबाला सांगितलं. तिसऱ्यांदा काय म्हणाला ठाऊक आहे? तुझं काम तेल घालायचं, वास घ्यायचं नाही. आणि सगळे खी खी हसले."

"लिहून दिलंस?"

"लिहून? आता मला लिहायला कोण शिकवणार? तू?" तो ओरडला. "तुला काय, तू शॉपमध्ये बसतेस. तुझ्यासमोर इंजिनं उघडी पडलेली असतात. माझं नाक बाहेरून वास घेत होतं. तुझे डोळे आत होते. तुला नाही दिसलं कधी?"

पहारेकऱ्याने दंडुका गजांवर आपटला. "आवाज!"

म्विकाली बाहेर पडली. बसमध्ये जागा असूनही ती उभीच राहिली. या माणसाचा तिरस्कार करणं नऊ वर्षं किती सोपं होतं. त्याने वास घेतला आणि तीन वेळा तोंड उघडलं. आपण नळी हातात धरली, काळा चुरा डोळ्यांनी पाहिला, एक चिठ्ठी लिहिली आणि ती देऊन सुटल्यासारखं मानलं. उत्तर आलं नाही तेव्हा दुसरी लिहिली नाही. पार्सालोईंच्या खात्याला फोन केला नाही. का? साहेब नाराज होतील म्हणून. आणि साहेबांना राजी ठेवून मिळालं काय होतं?

घरी नवरा क्यालो भाजी चिरत बसला होता. तिने सगळं सांगितलं. त्याने सुरी खाली ठेवली.

"पूर्ण लिहिलंस तर लायसन्स जाईल?"

"जाईल."

"त्या ओडेरासाठी?"

"ओडेरा गेला खड्ड्यात!" ती एवढ्या जोराने ओरडली की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. "ओडेरासाठी नाही. ती बाई खिडकीशी बसली होती, क्यालो. तिनं काय केलं होतं कुणाचं?"

क्यालोने पुन्हा सुरी उचलली. चिरता चिरता म्हणाला, "मग बसून लिही. जेवण मी बघतो."

रिपोर्ट तीन पानांचा झाला. टाकीत किती तेल होतं, पंप, गाळणी, दाब, बेअरिंग, नळी, पत्रकाची तारीख. धुराबद्दल ओडेराने तीनदा दिलेली सूचना. शेवटी तिने लिहिलं: 'चौदा महिन्यांपूर्वी निघालेल्या पत्रकानंतर पाच महिन्यांनी दुसऱ्या एका इंजिनात मला हीच नळी अर्धी बुजलेली आढळली. मी ती साफ केली आणि ठीक असल्याची सही केली. मी वरिष्ठांना एक चिठ्ठी दिली, पण तिचे उत्तर मागितले नाही. बाकीची विमाने उडू नयेत असे तेव्हा मी लेखी कळवायला हवे होते. मी ते केले नाही.'

पार्सालोईंनी तो तिच्यासमोरच वाचला. शेवटच्या परिच्छेदावर त्यांचं बोट थांबलं.

"हे नसतं तरी चाललं असतं, बाई. मला नळी पुरेशी आहे."

"हे नसेल तर वरचं कोण खरं मानेल? म्वादिमे साहेब उद्या हेच काढून दाखवतील आणि म्हणतील, ही स्वतःला वाचवायला आमच्यावर ढकलतेय. त्यापेक्षा मीच काढते."

"कठीण जाईल तुम्हाला."

"जाऊ दे," ती म्हणाली. "सोपं जात होतं तेव्हा काय दिवे लावले मी?"

तो रिपोर्ट गेल्यानंतर चौथ्या दिवशी ओडेरा सुटला. पेपरात ही बातमी आतल्या पानावर, चार ओळींची आली. फोटो नव्हता.

जाहीर सुनावणी किसुमूला झाली. म्वादिमे वकिलाला शेजारी घेऊन बसले होते. पत्रक म्हणजे आज्ञा नव्हती, नुसती विनंती होती, असं ते तीनदा म्हणाले. नाफुलाचा थोरला भाऊ शेवटच्या रांगेत होता. बोलायची वेळ आली तेव्हा तो उभा राहिला आणि त्याने म्विकालीलाच विचारलं.

"ती तीन मिनिटं इंजिन चालू ठेवलं नाही, त्यात किती इंधन वाचायचं?"

"दोन्ही इंजिनांचं मिळून एका वेळी पंचवीस लिटर. फार तर तीस."

"पंचवीस लिटर." तो खोलीभर बघत राहिला. "माझ्या मोटरसायकलच्या दोन टाक्या. तिच्या शाळेतली पोरं अजून विचारतात, बाई कधी येणार. मी काय सांगू? पंचवीस लिटर वाचवायला गेल्या?"

म्वादिमेंच्या वकिलाने घसा खाकरला. "भावना आम्ही समजू शकतो, पण—"

"तुम्ही काही समजू शकत नाही!" म्विकाली ताडकन उठली. "गप्प बसा जरा. त्यांना बोलू द्या." मग ती भावाकडे वळली. "पंचवीस लिटर आणि माझी एक सही. दोन्ही मिळून. तेही सांगा पोरांना."

भाऊ तिच्याकडे बघत उभा राहिला. त्याने तिला माफ केलं नाही, आणि तिनेही ते मागितलं नाही. तो खाली बसला.

आठ महिन्यांनी अंतिम अहवाल आला. पत्रक मागे घेतलं गेलं. सगळ्या विमानांच्या मागच्या नळ्या तपासल्या, त्यांतल्या चार बुजत आल्या होत्या. म्वादिमे साहेब कंपनीच्या मुख्य कचेरीत सल्लागार झाले. त्यांची खोली पूर्वीपेक्षा मोठी होती म्हणे. म्विकालीचं लायसन्स रद्द झालं. पत्रात लिहिलं होतं, 'आपण दाखवलेल्या प्रामाणिकपणाची नोंद घेण्यात आली आहे.' ते वाक्य तिने क्यालोला मोठ्याने वाचून दाखवलं आणि पत्र फाडलं. मग तुकडे उचलून ठेवले, कारण भविष्यनिर्वाह निधीच्या अर्जाला ते जोडावं लागणार होतं.

दोघं मचाकोसला राहायला गेले. ती विहिरींवरचे पंप दुरुस्त करू लागली. काम अधूनमधून मिळायचं. राग मात्र रोज असायचा. सकाळी उठली की तो तिच्याआधी उठून बसलेला असायचा.

एका रविवारी दुपारी ओडेरा आला. दोन बस बदलून, हातात केळीच्या पानात बांधलेले सरोवरातले मासे घेऊन. इस्त्रीचा शर्ट. क्यालोने त्याला आत बोलावलं. म्विकाली मासे घेऊन चुलीकडे गेली ती तळून होईपर्यंत आलीच नाही.

"मला विभागप्रमुख केलं," ती आल्यावर ओडेरा म्हणाला. डोळे जमिनीवर. "मागच्या महिन्यात."

म्विकालीच्या हातातलं ताट क्षणभर तसंच राहिलं.

"घेतलीस जागा?"

"घेतली. चार पोरं आहेत."

"घ्यायचीच." तिने ताट ठेवलं. खाण्‌कन आवाज झाला. "मी घेतली असती."

"नऊ वर्षांपूर्वी मी जे—"

"दहा झाली. आणि ते नको आता. मासे गार होतील." तिला खरंच ऐकायचं नव्हतं. माफी ऐकली असती तर काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं, आणि तिच्याकडे चांगलं उत्तर नव्हतं.

जेवायच्या आधी पाहुण्याच्या हातावर पाणी घालायला तिने कोमट पाण्याचा तांब्या आणि घंगाळ उचललं. ओडेरा उठला. त्याने तिच्या हातातून तांब्या काढून घेतला.

"काय करतोस?"

"बस तू."

क्यालो उगालीचं भांडं हातात धरून नुसता बघत राहिला. ओडेराच्या गावात, किंवा क्यालोच्या गावात, किंवा कोणाच्याही गावात, बाईच्या हातावर पाणी घालणारा पुरुष कोणी पाहिला नव्हता. ओडेरा गुडघ्यावर बसला आणि सावकाश धार धरली. त्याच्या प्रत्येक नखाच्या कडेला तेलाची काळी रेघ होती, साबणाने न निघणारी. म्विकालीने हात पुढे केले.

तिची नखं स्वच्छ होती. चौतीस वर्षांत पहिल्यांदाच. ती कधी स्वच्छ झाली, हे तिच्याही लक्षात आलं नव्हतं.

ओडेराने ती पाहिली. मान खाली घातली आणि तांब्यातलं पाणी संपेपर्यंत घालत राहिला.